कोपराखालचा हात गेल्यावर, पहिल्या तासापासून पुढे

कडबाकुट्टीत, मळणी यंत्रात, रसवंतीच्या चरकात किंवा कारखान्यातल्या पॉवर प्रेसमध्ये हात गेलेला माणूस आमच्या व्यवसायोपचार विभागात पोहोचतो, तेव्हा बहुतेक वेळा काही महिने उलटून गेलेले असतात. जखम भरलेली असते, टाके निघालेले असतात आणि घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "हात कधी बसवणार?" तोवर कोपर अर्धवट वाकून आखडलेलं असतं, स्टंपला, म्हणजे हाताच्या उरलेल्या भागाला, नुसता रुमाल लागला तरी कळ जाते आणि एकाच हाताने सगळं उरकायची सवय पक्की झालेली असते. कृत्रिम हाताची वाट पाहण्यात जो काळ जातो, खरं काम त्याच काळात व्हायला हवं. ते काम काय, हे क्रमाने लिहितो आहोत.

हात यंत्रात अडकला असेल तर आधी मेन स्विच पाडायचा, यंत्र ट्रॅक्टरवर चालत असेल तर ट्रॅक्टर बंद करायचा. हात ओढायचा नाही, रोलर जबरदस्तीने उलटे फिरवायचे नाहीत. त्यात शाबूत असलेला भागही सोलवटून निघतो. रोलरचे बोल्ट सैल करून फट वाढवणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा आणि हात तुटलाय हे स्पष्ट सांगायचं.

पूर्ण तुटलेल्या हातातून दरवेळी धो-धो रक्त वाहतंच असं नाही, कारण आरपार तुटलेल्या धमन्या आकसून आत जातात. अर्धवट तुटलेली धमनी आकसू शकत नाही, म्हणून लोंबकळत राहिलेला हात रक्तस्रावाच्या दृष्टीने जास्त धोक्याचा. स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून जोरात दाबून धरायची, सारखी उचलून पाहायची नाही. रक्त थांबत नसेल तर कोपराच्या वर, दंडावर आवळपट्टी बांधायची. ओढणी किंवा उपरण्याची चार-पाच सेंटिमीटर रुंद घडी करून गाठ मारायची, गाठीत पाना किंवा काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळायची. तार, सुतळी, बुटाची लेस वापरली तर कातडी आणि नसा चिरडतात. आवळपट्टी किती वाजता बांधली ते कागदावर लिहून रुग्णासोबत पाठवायचं, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती मध्येमध्ये सैल करायची नाही. जखमेत हळद, चहापूड, चुना काहीही भरू नये. ते सगळं डॉक्टरांना खरवडून काढावं लागतं आणि त्याबरोबर जिवंत मांसही जातं. तोंडावाटे पाणी, चहा काही देऊ नये, कारण लगेच भूल द्यावी लागणार असते.

तुटलेला भाग बरोबर न्यायचाच, मग तो जोडता येईल असं वाटो वा न वाटो. जोडता आला नाही तरी त्यातली कातडी स्टंप झाकायला उपयोगी पडू शकते. वरची माती, कडबा हलक्या हाताने झटकायचा, घासायचं नाही. सलाईनमध्ये किंवा स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडात भाग गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्याच्या डब्यात ठेवायची. बर्फ थेट कातडीला लागता कामा नये. लागला तर पेशी गोठून मरतात आणि मग कुशल सर्जनही काही करू शकत नाही. फ्रीजरमध्ये ठेवलेला हात याच कारणाने वाया जातो. नुसत्या पाण्यात बुडवून आणलेला भागही फुगून खराब होतो.

हात पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया जगात पहिल्यांदा १९६२ मध्ये बोस्टनला झाली, तेव्हा ती दंडाची होती. ती कोणाला करायची हे दोन गोष्टींवर ठरतं, वेळ आणि जखमेची जात. बोटात स्नायू जवळजवळ नसतात, म्हणून नीट गार ठेवलेलं बोट बराच वेळ टिकतं. कोपराखालच्या हातात स्नायू भरपूर. रक्तपुरवठा तुटल्यावर साध्या तापमानाला सुमारे सहा तासांत ते मरायला लागतात, नीट गार ठेवले तर दहा-बारा तासांपर्यंत ताणता येतं. मेलेल्या स्नायूंत पुन्हा रक्त सोडलं तर त्यांतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन (स्नायूंतलं प्रथिन) शरीरात पसरतं, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, जीवही जाऊ शकतो. "हात समोर होता तरी जोडला नाही" अशी तक्रार आम्ही पुष्कळदा ऐकतो. त्यामागे बहुधा हेच कारण असतं. शिवाय कडबाकुट्टीचे रोलर आधी हात चिरडत आत ओढतात आणि मग पातं कापतं, कधी दोन-तीन ठिकाणी. धारदार पात्याने एकाच जागी सरळ कापलेला हात जोडण्याच्या दृष्टीने बरा, पण शेतातल्या यंत्रांत तसा तो क्वचित मिळतो.

जोडणं शक्य नसेल तर सर्जन स्टंप तयार करतात. शेतातली जखम मातीने आणि शेणाने भरलेली असते, म्हणून टिटॅनसचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक लगेच सुरू होतं, जखम धुऊन उघडी ठेवतात आणि सुमारे ४८ तासांनी पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन तपासतात. मेलेला भाग तेव्हा नीट ओळखू येतो. घरच्यांना वाटतं पहिलं ऑपरेशन फसलं. तसं नसतं. गडबडीने पहिल्याच दिवशी जखम शिवून टाकली तर आत पू होतो आणि शेवटी हाड आणखी वर कापावं लागतं.

हाड किती ठेवलं याला फार महत्त्व आहे. कोपरापासून निदान पाच सेंटिमीटर अल्ना (करंगळीच्या बाजूचं हाड) उरली तर सॉकेट, म्हणजे कृत्रिम हाताची स्टंपवर बसणारी खोळ, कोपराखाली पकडता येतं आणि स्वतःचं कोपर वापरात राहतं. लांबी जितकी जास्त तितकी तळहात वर-खाली वळवण्याची हालचाल जास्त उरते. अगदी मनगटापर्यंतचा स्टंप असेल तर ती पूर्ण मिळते, मात्र मग विजेवर चालणारा पंजा बसवायला जागा पुरत नाही आणि तो हात दुसऱ्यापेक्षा लांब दिसतो. मधला तिसरा भाग संपून खालचा सुरू होतो तिथली लांबी आम्हाला सगळ्यांत सोयीची वाटते. टोकाला कातडी पुरत नसेल आणि लांबी वाचवायला मांडीची कातडी लावायची असेल तर बिनधास्त लावू द्यावी. पायाच्या स्टंपसारखा हाताच्या स्टंपवर अंगाचा भार येत नाही.

मीडियन, अल्नर आणि रेडियल या हाताच्या नसा (मज्जातंतू, रक्तवाहिन्या नव्हेत) सर्जन हलकेच ओढून, धारदार कापून स्नायूंच्या आत सोडतात. कापलेल्या प्रत्येक नसेच्या टोकाला न्यूरोमा, म्हणजे नसेच्या तंतूंची गाठ होतेच. ती मऊ स्नायूत खोल राहिली तर त्रास नाही, टाक्यांच्या वणाखाली अडकली तर सॉकेटचा दाब पडताक्षणी वीज चमकल्यासारखी कळ येते. मोठ्या केंद्रांत आता कापलेली नस जवळच्या स्नायूच्या छोट्या नसेला जोडण्याची पद्धत वापरतात, त्यामुळे या गाठीचं दुखणं कमी होतं.

दवाखान्यातून निघताना डिस्चार्ज कार्डावर एक गोष्ट आग्रहाने लिहून घ्या: कोपराच्या मागच्या टोकापासून स्टंपची लांबी, सेंटिमीटरमध्ये. ती पुढे कुठे लागते ते खाली येईलच.

ड्रेसिंग सुटसुटीत झालं आणि सर्जनने हरकत नाही म्हटलं की क्रेप बँडेज सुरू. हे काम सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत उपयोगी. चार इंची दोन बँडेज घ्यायची, एक हातावर, एक धुऊन वाळत. रुग्णाने बसून कोपर जवळजवळ सरळ ठेवायचं. बँडेजची गुंडाळी वरच्या बाजूने उलगडत जाईल अशी धरायची. पहिले दोन-तीन फेरे स्टंपच्या टोकावरून पुढून मागे न्यायचे, टोकाचे दोन्ही कोपरे झाकले जातील असे, आणि ते निसटू नयेत म्हणून एक तिरका फेरा मारायचा. तिथून पुढे सगळे फेरे तिरके, आठच्या आकड्यात, प्रत्येक फेरा आधीच्याला निम्मा झाकणारा. ताण टोकाशी सगळ्यांत जास्त, वर जाताना कमी कमी. कोपर ओलांडून दंडावर दोन सैल फेरे घ्यायचे आणि शेवट चिकटपट्टीने बंद करायचा. बँडेजसोबत येणाऱ्या दातेरी क्लिपा वापरू नयेत. बधिर झालेल्या कातडीला त्या ओरबाडतात आणि कळतही नाही.

आडवा गोल फेरा एकही नको. गोल फेरा दोरीसारखा आवळतो, खालचं रक्त आणि पाणी वर चढत नाही आणि काही दिवसांत स्टंपचं टोक वांग्यासारखं फुगतं. असं टोक सॉकेटमध्ये जात नाही, गेलं तर अडकून निळं पडतं. घरी बांधलेल्या बँडेजमध्ये हीच चूक सर्वांत जास्त दिसते, कारण गोल बांधणं सोपं असतं आणि दिसायला नीटनेटकं दिसतं. बँडेज दर चार ते सहा तासांनी सोडून पुन्हा बांधायचं, सरकलं तर लगेच. रात्रीही बांधलेलं ठेवायचं, फक्त अंघोळीला आणि मालिशला काढायचं. ठणका लागला, टोक गार किंवा निळसर झालं तर लगेच सोडायचं. धुताना साधा साबण, पिळायचं नाही, आडवं पसरून सावलीत वाळवायचं. दोरीवर लटकवलं की स्वतःच्या वजनाने ताणून त्याचा जोर जातो.

शिंप्याच्या टेपने टोकापासून पाच आणि दहा सेंटिमीटरवर घेर मोजून दर आठवड्याला, सकाळी एकाच वेळी, वहीत लिहा. सुरुवातीला आकडा भराभर उतरतो. दोन-तीन आठवडे तो हलला नाही की पक्क्या सॉकेटचं माप घेता येतं.

टाके साधारण दोन-तीन आठवड्यांत निघतात. त्यानंतर वण पूर्ण कोरडा झाला की स्टंपला स्पर्शाची सवय लावायची. आधी कापूस, मग मलमल, मग टॉवेल, मग खरखरीत गोणपाट. प्रत्येक कापडाने पाच-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. डब्यात तांदूळ घेऊन त्यात स्टंप खुपसायचा, मग तूरडाळ, मग हरभरे. बोटांनी हलकं थोपटायचं. नकोसं वाटलं तर एक पायरी मागे यायचं, सोडून मात्र द्यायचं नाही. वणावर अंगठ्याने गोल दाब देऊन तो खालच्या हाडापासून मोकळा करायचा, कारण हाडाला चिकटलेली कातडी सॉकेटमध्ये घासून फाटते. रोज संध्याकाळी स्टंप साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करायचा. केस काढायचे नाहीत, मुळाशी पुळ्या येतात.

हालचाल तर पहिल्या आठवड्यातच हवी. दुखतं म्हणून माणूस हात पोटाशी धरून बसतो आणि कोपर वाकलेलं राहतं. उशी कोपराखाली ठेवून झोपलं तर तेच. कोपर पूर्ण सरळ करणं, पूर्ण वाकवणं, उरलेला हात आतबाहेर वळवणं, खांदा डोक्याच्या वर नेणं, दोन्ही खांदे पुढे आणून पाठ रुंद करणं, हे दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येकी दहा वेळा. शेवटची हालचाल विचित्र वाटते, पण केबलवर चालणारा हात उघडतो तो तिच्याच जोरावर.

नसलेल्या हाताची जाणीव जवळजवळ प्रत्येकाला होते. मूठ घट्ट वळलेली आहे, नखं तळव्यात रुततात, अंगठा पिळवटतोय, हात पेटलाय, असं लोक सांगतात. काही महिन्यांनी पंजा वर सरकून कोपराशी आल्यासारखाही वाटतो. घरचे घाबरतात, कोणी बाहेरचं बघायला नेतं, कोणी डोक्यावर परिणाम झाला म्हणतं. यात वेडेपणा काही नाही. मेंदूत हाताची जागा शाबूत आहे आणि तिला खालून निरोप यायचे थांबले आहेत. रुग्णाला हे ऑपरेशननंतर पहिल्या दिवसांतच सांगायला हवं. माहीत नसेल तर तो महिनोन् महिने गप्प सोसतो.

या दुखण्यावर आरशाचा उपाय विलायनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात मांडला, आणि तो घरी करता येतो. छातीइतका उंच, कडा घासलेला आरसा टेबलावर उभा, दोन्ही हातांच्या मधोमध ठेवायचा. आरशाचा चेहरा चांगल्या हाताकडे, स्टंप आरशामागे. चांगल्या हातातली अंगठी, घड्याळ, बांगड्या काढायच्या; गोंदण असेल तर झाकायचं, कारण आरशात दिसणारा हात गेलेला हात वाटला पाहिजे. मग नजर आरशावर ठेवून हळू मूठ उघडायची, मिटायची, मनगट वळवायचं आणि आरशामागे गेलेला हातही तसाच हलतोय असा प्रयत्न करायचा. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा, निदान चार आठवडे. काहींना चक्कर येते, रडू येतं, दुखणं वाढतं. तेव्हा आरसा बाजूला ठेवून आधी नुसत्या चित्रांत डावा हात कुठला, उजवा कुठला हे ओळखायचं, मग डोळे मिटून हालचाल मनात करायची, आणि मग पुन्हा आरशाकडे यायचं. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं डॉक्टर सहसा रात्री कमी डोसने सुरू करतात. बरं वाटलं म्हणून ती एकदम बंद करू नयेत.

नसेच्या गाठीचं दुखणं यापेक्षा वेगळं. स्टंपवर एकाच जागी टकटक केलं की तिथून गेलेल्या बोटांपर्यंत करंट जातो. ती जागा पेनने खूण करून सर्जनला आणि सॉकेट बनवणाऱ्याला दाखवा, तिथे सॉकेट पोकळ ठेवता येतं.

झोप उडणं, यंत्राचा आवाज आला की थरकाप होणं, चारचौघांत हात ओढणीखाली लपवणं हे सुरुवातीला सगळ्यांनाच होतं. महिन्याभरानंतरही ओसरत नसेल तर मानसोपचार घ्यावा. तसाच हात गेलेल्या आणि कामाला लागलेल्या माणसाची गाठ घालून देता आली तर आमच्या बोलण्यापेक्षा त्याचा गुण लवकर येतो.

आता उरलेला हात. उजवा गेला असेल तर जेवणं आणि शौचाची स्वच्छता ही दोन्ही कामं डाव्यावर येतात, आणि आपल्याकडे याची लाज माणसाला पंगतीतून उठवते. संकोचाने कोणी हे विचारत नाही, म्हणून आम्ही स्वतःहून काढतो. संडासात जेट स्प्रे लावून घ्यावा, जेवायला चमचा घ्यावा आणि एकुलता हात नीट धुण्याची सोय करावी. बेसिनच्या कडेला रबरी चोखणी (सक्शन कप) असलेला नखं घासायचा ब्रश चिकटवला की त्यावर हात घासता येतो. साबणाची वडी निसटते, दाबायची बाटली बरी. टॉवेल खुंटीला टांगूनच त्यावर हात पुसायचा. नखांसाठी नेलकटर लाकडी फळीवर स्क्रूने बसवून घ्यायचा, स्टंपने किंवा कोपराने दाबायचा.

स्वयंपाकघरात भाजी कापायच्या फळीला खालून स्टीलचे दोन खिळे ठोकून त्यांची टोकं चार-पाच सेंटिमीटर वर काढायची. बटाटा, कांदा त्यावर खोचला की हलत नाही. विळीला दोन हात लागतात, ती सोडून सुरी घ्यावी. परातीखाली ओलं फडकं घातलं की कणीक मळताना परात फिरत नाही. बरणी मांड्यांत धरून उघडायची, फडकं नळाभोवती टाकून पिळायचं. लेंग्याची आणि परकराची नाडी काढून इलॅस्टिक घालायचं, ब्लाउजला हुकांच्या खाली वेल्क्रो शिवून घ्यायचा, साडीच्या निऱ्या शिवून ठेवल्या तर नेसणं पाच मिनिटांचं काम. आणि या सगळ्यात स्टंप वापरायचा: कागद दाबायला, पिशवी कोपराच्या वळणात अडकवायला, ताट पोटाशी धरायला. न दुखणारा, धीट झालेला स्टंप नुसत्या शोभेच्या हातापेक्षा कितीतरी कामाचा.

लिहिणारा हात गेला असेल तर चार रेघी वही, जाड पेन्सिल आणि रोज पंधरा-वीस मिनिटं. बँकेत नवी सही नोंदवा आणि आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या, नाहीतर रेशनच्या मशीनवर अडचण येते. चांगल्या हाताचा खांदा आणि मनगट दुप्पट राबतात, त्यामुळे त्या हाताला रात्री मुंग्या यायला लागल्या तर दुर्लक्ष करू नका.

कृत्रिम हाताच्या बाबतीत १९८४ मध्ये अमेरिकेत मेलोन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पहिल्या ३० दिवसांत तात्पुरता हात बसवलेले लोक तो पुढे टिकवून वापरतात आणि कामावर परततात. उशिरा बसवलेल्यांत ते प्रमाण खूप घसरतं. म्हणून घेर स्थिर व्हायची वाट न बघता प्लॅस्टरच्या तात्पुरत्या सॉकेटवर हुक (पंजाऐवजी लावायची, उघडमीट होणारी आकडी) लावून सराव सुरू करता येतो का, हे जरूर विचारा.

प्रकार मुख्यतः तीन. शोभेचा हात हलका असतो, धरत काही नाही. विजेवरचा मायोइलेक्ट्रिक हात स्टंपच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंवरचे दोन सेन्सर वाचून पंजा मिटतो-उघडतो. दिसायला छान, पकड मजबूत, पण जड, किंमत लाखांत, आणि घाम, धूळ, पाणी त्याला सोसत नाही. तो मागवण्याआधी दोन्ही स्नायूंचे सिग्नल वेगवेगळे येतात का हे यंत्रावर तपासलंच पाहिजे. दोन्ही एकदम आवळले जात असतील तर आधी सराव, मग खरेदी. तिसरा केबलवर चालणारा हुक, डोरन्स यांनी १९१२ मध्ये पेटंट घेतलेला. शेतात, वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्याला आम्ही हुकच सांगतो. त्याची टोकं दिसतात, त्यामुळे खिळा, दोरी, बियाणं नेमकं उचलता येतं. "हुक वाईट दिसतो" हे खरं आहे, पण मनगटाच्या जोडावर तो काढून तिथे पंजा लावता येतो. कामाला हुक, लग्नाला पंजा.

हुक चालतो असा. पाठीवरून आठच्या आकड्याचा पट्टा जातो, त्याचा फास चांगल्या बाजूच्या काखेत. पट्ट्याला केबल, केबल हुकाला. स्टंपचा खांदा पुढे नेला की केबल ताणली जाते आणि हुक उघडतो. खांदा सैल सोडला की रबरबँड त्याला मिटवतात. एका रबराने सुमारे अर्धा किलोची पकड मिळते. सुरुवात एका रबराने, दम वाढेल तसे वाढवायचे. पहिल्याच दिवशी चार रबरं चढवली की काखेत ओरखडे येतात आणि हात खुंटीवर जातो.

हात ताब्यात घेताना कोपर सरळ ठेवून, काटकोनात, तोंडाजवळ आणि पँटच्या चेनपाशी हुक उघडून पाहा. तोंडाजवळ उघडत नसेल तर पट्टा सैल आहे किंवा केबल चुकीच्या जागी बसवली आहे. तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. घालायला पहिल्या दिवशी १५ ते ३० मिनिटं, आत धुतलेला सुती मोजा. काढल्यावर कातडी बघा. लाली वीस मिनिटांत गेली नाही तर त्या जागी दाब जास्त आहे. ठीक असेल तर वेळ रोज अर्ध्या तासाने वाढवा. सराव आधी स्पंजवर, मग कागदी कपावर, मग दोन हातांच्या कामांवर. कृत्रिम हात धरणार आणि चांगला हात काम करणार, ही वाटणी डोक्यात पक्की हवी. वस्तूकडे जाण्याआधी हुक मनगटात योग्य दिशेला वळवून ठेवायचा. हे राहिलं की माणूस कंबर वाकवून वस्तू धरतो आणि पाठ दुखवून घेतो.

मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था, पुण्यात १९४४ पासूनचं कृत्रिम अवयव केंद्र, आणि अपंगांना साहित्य देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीचे हात, हे ओळखीचे रस्ते. रोटरीच्या शिबिरांत मिळणारा एलएन-४ हात मोफत आणि हलका असतो. त्याची पकड दुसऱ्या हाताने बसवावी लागते, पण सायकलचं हँडल, पेन, चमचा धरायला चालतो. दात्याचा हात बसवण्याची शस्त्रक्रिया भारतात २०१५ मध्ये कोचीला पहिल्यांदा झाली. त्यानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात, म्हणून एकच हात गेलेल्याने तिच्याकडे घाईने वळू नये.

कागदपत्रांत यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, आधी. कोपराखालच्या वरच्या तिसऱ्या भागापर्यंत हात गेला तर ७० टक्के, खालच्या तिसऱ्या भागापर्यंत ६५ टक्के अपंगत्व धरतात. कामावर अपघात झाला असेल तर १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याची सारणी कोपराच्या टोकाखाली ११.४३ सेंटिमीटर ही रेषा आखत होती: स्टंप त्याहून आखूड तर ७० टक्के, नाहीतर ६० टक्के. टक्केवारीची हीच पद्धत त्या कायद्याची जागा घेतलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. तीस वर्षांच्या कामगाराचं वेतन १५,००० रुपये धरलं तर त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले वयाचा गुणांक २०७.९८, म्हणजे पूर्ण अपंगत्वाची भरपाई १८,७१,८२० रुपये. त्याचे ६० टक्के ११,२३,०९२ होतात आणि ७० टक्के १३,१०,२७४. डिस्चार्ज कार्डावरचे सेंटिमीटर इथे लागतात. कामगाराला ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर दावा तिथे. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, म्हणून पंचनामा आणि दवाखान्याचे कागद घरच्यांपैकी एकाने पहिल्याच आठवड्यात गोळा करावेत.

पहिल्या वर्षात स्टंप बारीक होत जातो. सॉकेट ढिलं वाटलं की एक मोजा वाढवायचा. तीन मोजे घालूनही हलत असेल तर नवीन सॉकेट. उन्हाळ्यात मोजा दिवसातून दोनदा बदलायचा, सॉकेट रात्री ओल्या फडक्याने आतून पुसून उघडं ठेवायचं. मोज्याला रक्ताचा डाग, पाणी भरलेला फोड किंवा ताप आणि लाली दिसली तर हात घालणं थांबवून दवाखाना गाठायचा. रबरं कडक होऊन भेगाळतात, ती सगळी एकदम बदलायची, जुनी-नवी मिसळायची नाहीत. केबल बहुतेक वेळा हुकाजवळच्या टोकाशी तुटते. तिथे एक जरी तार सुटलेली दिसली तरी पूर्ण तुटायच्या आधी बदलून घ्यायची, आणि एक जादा केबल घरी ठेवायची.